क्लायंटची करेक्शन्स संपतच नाहीत, फ्रीलान्स डिझायनरने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरगुती मसाले करणाऱ्या एका ताईंसाठी लोगो आणि पाऊचचं डिझाइन घेतलं, सगळं तोंडी ठरलं, निम्मे पैसे मिळाले आणि आता रोज नवं करेक्शन येतंय. नाही म्हटलं तर उरलेले पैसे अडकतील, ही भीती आहेच.

मी पुण्यात फ्रीलान्स पॅकेजिंगची आणि छपाईची कामं करते. माझ्या अनुभवात करेक्शन्स लांबण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: शेवटचं ‘ओके’ कोणी म्हणायचं हे ठरलेलं नसतं. ताई तुमचं डिझाइन नवऱ्याला दाखवतात, जावेला पाठवतात, माल ठेवणाऱ्या दुकानदाराला विचारतात. विचारलं की माणूस काहीतरी सांगतोच. सोमवारी लाल, बुधवारी मरून आणि शनिवारी परत लाल, हे असं होतं. यात कोणाचीच लबाडी नसते, पण तुमचे दिवस जातात. म्हणून आज ताईंना साधारण असा मेसेज पाठवा:

‘ताई, नमस्कार. पाऊचचं आत्तापर्यंतचं डिझाइन सोबत पाठवतेय. घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसून बघा आणि जे बदल हवेत ते तुम्ही एकाच मेसेजमध्ये शुक्रवारपर्यंत कळवा. ते सगळे ठरलेल्या रकमेतच करून देईन. त्यानंतर काही नवं सुचलं तर बदलांच्या दर फेरीचे ५०० रुपये वेगळे होतील. तुमचं फायनल ओके आलं की उरलेली रक्कम आणि मग छपाईची फाइल, असं करूया.’

आकडा तुमच्या कामाप्रमाणे बदला. फोनवर बोललात तरी नंतर हे लिहून पाठवाच. पूर्ण पैसे येईपर्यंत ओपन फाइल (म्हणजे ज्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) किंवा छपाईयोग्य पीडीएफ देऊ नका. बघायला कमी रिझोल्युशनचा जेपीजी पुरतो.

आलेलं प्रत्येक करेक्शन एकाच मापाने मोजू नका. ‘हळद’चं तुम्ही ‘हळदी’ टाइप केलं असेल तर ती दुरुस्ती कधीही आणि फुकट. ‘हिरवा जरा गडद करा’ ही आवड झाली, ती फेरीत मोजायची. ‘आता गोडा मसाल्याचंही पाऊच याच्यातच करा’ हे नवं काम आहे, त्याचं कोटेशन वेगळं. क्लायंटला हा फरक आपणहून कळत नाही. शांतपणे सांगितला तर बहुतेक जण मानतात.

पॅकेजिंगमध्ये सगळ्यात महाग पडतो तो उशिरा आलेला मजकूर. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी लायसन्स नंबर, घटक पदार्थ, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक संपर्क, बॅच आणि तारखेची जागा, बारकोड, शाकाहारी पदार्थाचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एवढं सगळं एका लहानशा पाऊचवर बसवायचं असतं. मांडणी ठरल्यावर यातलं काही आलं की पुढची-मागची बाजू नव्याने जुळवावी लागते. त्यामुळे हा मजकूर पूर्ण हातात आल्याशिवाय मी मांडणीला सुरुवातच करत नाही, आणि तो युनिकोडमध्ये टाइप केलेलाच मागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे पेस्ट केला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदललेली असतात, म्हणजे ती टाइप केलेला मजकूर न राहता चित्रासारखे आकार होतात, तेव्हा ‘फक्त एक शब्द बदला’ हेही वाटतं तितकं सोपं राहत नाही. मोठ्या संख्येने छापलेली पाऊच बहुतेक ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापण्याच्या पद्धतीने होतात. तिथे प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. कोरल्यावर किंमत बदलली तर तो सिलिंडर नवा करावा लागतो आणि तो खर्च ताईंच्या खिशातून जातो. हे त्यांना आधी सांगा, म्हणजे ‘ओके’ म्हणण्याआधी त्या नीट वाचतील.

‘लोगो मोठा करा’ असं आलं की लगेच मोठा करू नका, का हवाय ते विचारा. बऱ्याचदा त्यांना म्हणायचं असतं की फळीवर ठेवल्यावर नाव दिसणार नाही. मग मी डिझाइन खऱ्या आकारात प्रिंट काढते, भरलेल्या पाऊचवर चिकटवते आणि दुकानातल्या इतर मसाल्यांच्या पाकिटांमध्ये उभं करून फोटो पाठवते. मोबाइलवर झूम करून बघताना सुचलेले निम्मे बदल इथेच गळून पडतात. रंगाचंही तेच. प्रत्येकाच्या फोनवर लाल वेगळा दिसतो आणि छपाईत तो आणखी वेगळा उतरतो, म्हणून रंगाची चर्चा छापील प्रूफ (नमुना) समोर ठेवूनच करा.

पुढच्या कामापासून कोटेशनमध्ये किती फेऱ्या, ओके कोण देणार आणि पैसे कोणत्या टप्प्यावर, हे लिहा. काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवा, ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार मिळतो. त्यानुसार तयार काम क्लायंटच्या हाती दिल्यावर १५ दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरतात. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. हा कायदा ताईंसमोर नाचवा असं मी म्हणत नाही. पण तयार काम कधी पाठवलं याची तारीख ईमेलवर असू द्या, मोठ्या क्लायंटच्या वेळी ती उपयोगी पडते.

ताईंच्या बाजूने एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. घरातली शिल्लक घालून हजारो पाऊच छापायची म्हणजे भीती वाटणारच, आणि शेवटच्या दिवसांतली बरीच करेक्शन्स त्या भीतीतून येतात. मला अशी शंका आली की मी एकदम सिलिंडर करायला सांगतच नाही. साध्या पाऊचवर छापील लेबल लावून किंवा डिजिटल छपाईने थोडी पाऊच करून दोन-तीन महिने माल विकू द्यावा असं सुचवते. डिजिटलला सिलिंडर लागत नाही. नगामागे खर्च जास्त येतो, पण चुकलं तर नुकसान थोडं. शुक्रवारी ताईंचा मेसेज आला की हाही पर्याय त्यांच्यापुढे ठेवा, आणि लेबलच्या कामाचा दर त्याच वेळी लिहून द्या.