फणसाचा पाट करायचा आहे ना? मग आधी गाभा बघा

फळीतला पिवळा भाग म्हणजे गाभा, तोच वापरा. कडेचं फिकट लाकूड कितीही सरळ दिसलं तरी तासून टाका, कारण भुंगा तिथेच शिरतो आणि वर्षभरात पीठ पाडतो. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणूनच कोकणातल्या जुन्या घरांत दारं-चौकटी फणसाच्या दिसतात.

घाई होते ती वाळवणीत. दीड इंची फळीला कोकणच्या हवेत दीड वर्ष तरी द्या. सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचा; पट्ट्या एकाखाली एक याव्यात, नाहीतर फळी वाकते. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा. टोकं लवकर सुकतात, मधला भाग मागे राहतो, म्हणून चीर पडते.

तंतू उलटसुलट असतात. रंध्याखाली लाकूड उपटायला लागलं की दिशा बदला, पातं परजा, कात (रंध्याने निघणारा छिलका) अगदी पातळ घ्या. स्क्रू पितळी, खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. आणि पिवळ्या रंगावर भाळून दुसऱ्या लाकडाशी रंगाचा मेळ घालू नका. उजेडात तो तपकिरी होतोच, आणि तेव्हाच खरा देखणा दिसतो.