‘गूगलवरून साभार’ने भागत नाही

प्रश्न : आमच्या नववीच्या मुलांनी ‘आपला तालुका’ हा पीडीएफ अंक केला आहे. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचे फोटो नेटवरून घेऊन खाली ‘गूगलवरून साभार’ लिहिले. अंक शाळेच्या संकेतस्थळावर टाकायचा आहे. एवढे श्रेय पुरेल ना? – एक शिक्षिका, एरंडोल

उत्तर : नाही, ताई. गूगल फोटो शोधून देते, काढत नाही. मनोरे कितीही जुने असोत, फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याचा. शिवाय ‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे, आणि मुलांच्या मनात आधी हाच फरक पक्का बसला पाहिजे. वर्गात शिकताना-शिकवताना केलेल्या वापराला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. अंक नेटवर सगळ्यांसाठी खुला केला की त्या सुटीवर विसंबू नका.

एक तास संगणक कक्षात घ्या. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर फोटो शोधायला लावा आणि फोटोच्या पानावरचे लायसन्स मोठ्याने वाचून घ्या. ‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, निर्मात्याने अटींसह आधीच दिलेली परवानगी. ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय देऊन फोटो वापरता येतो, बदलताही येतो. पुढे ‘एसए’ असेल तर बदललेला फोटो त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. ‘एनसी’ दिसले तर व्यापारी वापर नाही. दुकानदारांच्या जाहिराती घेऊन काढलेल्या स्मरणिकेत असा फोटो टाळलेला बरा. ‘एनडी’ असेल तर त्यावर मजकूर चढवून केलेले पोस्टर पुढे देता येत नाही. कॉमन्सवर एनसी-एनडीचे फोटो सहसा ठेवत नाहीत, इतर संकेतस्थळांवर मात्र ते भरपूर भेटतात.

फोटोखाली शीर्षक, छायाचित्रकाराचे नाव, लिंकसह स्रोत आणि लायसन्स लिहायचे. कडा कापल्या असतील तर तेही सांगायचे. मुले चुकतात ती इथेच : फोटो आज उतरवतात, नाव आठ दिवसांनी शोधतात, तोवर फाइलचे नाव ‘डाउनलोड ३’ झालेले असते. म्हणून वहीत चार रकाने आखून, ते भरल्यावरच फोटो सेव्ह करू द्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोचा धनी सापडत नसेल तर तो सोडून द्या. खरे तर फरकांडे तुमच्याच तालुक्यात आहे. मुलांना मोबाइल घेऊन तिथे न्या, सगळा प्रश्नच मिटेल.

प्रश्न : स्नेहसंमेलनात मुली बहिणाबाईंची गाणी कॅरिओकेवर गाणार आहेत. व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर चालेल का? – मुख्याध्यापक, धरणगाव

उत्तर : सर, इथे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत.

लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे हा नेहमीचा नियम. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या, पण त्यांचा संग्रह आला १९५२मध्ये. मरणोत्तर प्रकाशनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या संग्रहातल्या कविता ३१ डिसेंबर २०१२नंतर मोकळ्या झाल्या. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना मात्र नाही : ते १९६९मध्ये गेले, तिचा हक्क २०२९अखेर टिकेल.

चाल संगीतकाराची. कॅरिओके ट्रॅक हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण, त्याचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसे एवढेच प्रेक्षक असतील तर संमेलनाला कलम ५२ची सूट मिळते; यूट्यूबला ती लागू नाही. तिथली यंत्रणा ट्रॅक आणि चालही ओळखते. क्लेम, म्हणजे हक्कदाराचा दावा, आला तर आवाज बंद होऊ शकतो किंवा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दलचा इशारा, त्याहून गंभीर : ९० दिवसांत तीन आले तर चॅनल जाऊ शकते.

आमचा आग्रह असा, की घरच्या आजीकडून जात्यावरच्या ओवीची पारंपरिक चाल शिकून घ्या आणि साथीला पेटी-ढोलकी ठेवा. या शब्दांना ती चाल शोभते, आणि ते ध्वनिमुद्रण तुमचे स्वतःचे असेल.

प्रश्न : विद्यार्थ्याने केळीच्या घडांचे सुंदर फोटो काढलेत. कॉपीराइटसाठी नोंदणी लागते का? शाळेच्या माहितीपत्रकात ते छापू का? – कलाशिक्षक, रावेर

उत्तर : नोंदणी सक्तीची नाही, फोटो काढताक्षणी हक्क निर्माण होतो. तो विद्यार्थ्याचा, शाळेचा नव्हे. तेव्हा छापण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि कोणता फोटो, कुठे आणि किती काळासाठी ते त्यात लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स एकदा दिले की मागे घेता येत नाही, हे सही घेण्याआधी पालकांना सांगा. फोटोखाली मुलाचे नाव छापा. निर्माता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ने त्यालाही दिला आहे.