लाकडी कोळशाने घरी पाणी शुद्ध होतं का? आणि पाण्याची चव सुधारली म्हणजे ते शुद्ध झालं असं धरायचं का?

लाकडी कोळशाने रंग आणि वास थोडाफार कमी होतो, जंतू जात नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दुसऱ्या प्रश्नावरून मात्र माझं आणि माझ्या भावोजींचं कैक वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसले.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ताईकडे नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास यायचा. भावोजींनी कार्बन फिल्टर बसवला, म्हणजे आत खास तयार केलेला कोळसाच असलेला, आणि वास त्याच दिवशी गेला. पुढे तीन वर्षं त्यांनी कार्ट्रिज बदललं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "वास येतोय का? नाही ना? मग झालं तर." एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हा लॅबवाल्यांना सगळीकडे जंतूच दिसतात." ते मला फार लागलं.

पुढच्या खेपेला मी निर्जंतुक बाटल्या घेऊनच गेले. एक नमुना फिल्टरच्या आधीचा, एक नंतरचा. क्लोरीनसाठी वेगळ्या नळ्यांमध्ये डीपीडीची गोळी टाकली. आधीचं पाणी गुलाबी झालं, म्हणजे क्लोरीन आहे. नंतरचं होतं तसंच राहिलं. भावोजी खूश. "बघ, चालतोय की फिल्टर!"

बाटल्यांतलं पाणी मी जंतू वाढवायच्या प्लेटवर घातलं आणि ३५ अंशांवर ४८ तास ठेवलं. तिथे जंतू वाढले की ठिपके दिसतात. फिल्टरच्या आधीच्या पाण्याच्या प्लेटवर चार ठिपके. नंतरच्या पाण्याच्या प्लेटवर मलईच्या रंगाचे इतके ठिपके की एकमेकांत मिसळून गेलेले, मोजायची सोयच नव्हती. नळातून बरं येणारं पाणी फिल्टरमधून जंतू घेऊन बाहेर पडत होतं.

कारण सरळ आहे. क्लोरीन कार्बनला नुसता चिकटत नाही, त्याच्याशी रासायनिक क्रिया होऊन त्याचं क्लोराइड होतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. कार्बनची ही ताकद फार दिवस टिकते. कीटकनाशकांचे अंश, क्लोरीनमुळेच तयार होणारी ट्रायहॅलोमिथेन, पावसाळी मातकट वास देणारं जिओस्मिन यांचं तसं नाही. ती कार्बनच्या बारीक छिद्रांच्या आत चिकटून बसतात आणि जागा भरली की पुढची सरळ बाहेर येतात. म्हणजे क्लोरीनचा वास गेलेला असणं हा कार्बनमध्ये जागा शिल्लक असल्याचा पुरावाच नाही. वर क्लोरीन गेला म्हणजे पाण्याचा राखणदार गेला. आत ओल आहे, अडकलेलं सेंद्रिय खाद्य आहे, जंतूंना आणखी काय हवं? ते जुनं कार्ट्रिज मी करवतीने कापलं. बाहेरचा पांढरा थर तपकिरी पडला होता आणि बोट फिरवलं तर शेवाळलेल्या दगडासारखं सटकत होतं.

तुमच्या कोळशाबद्दल. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनही कोळसाच, पण ८०० ते १००० अंशांच्या वाफेत तापवून त्याची छिद्रं मोकळी केलेली असतात. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो. साध्या कोळशाची छिद्रं बरीचशी डांबरी अंशांनी बुजलेली असतात. भावोजींचं आवडतं वाक्य, "पूर्वी लोक कोळशानेच पाणी गाळायचे." हो, कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्येच पाहिलं होतं. पण ते रंगाबद्दल! कामाची बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरहून बारीक असतात, जिवाणू त्यांच्या शेकडो पट मोठा. तो त्यात शिरेल कसा? पाण्याचा जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट यांनाही कार्बन जवळजवळ अडवत नाही.

म्हणून कार्ट्रिज तारखेवर बदला, चवीवर नाही. सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या. विहिरीचं पाणी असेल तर फिल्टरनंतर उकळा, आधी उकळून फिल्टरमधून घालू नका. आणि जुना कार्बन घरी उकळून "ताजा" होत नाही, त्याला भट्टीच लागते.

एक राहिलं. प्लेटवर दिसलेले ते सगळे रोगजंतू नव्हते. पाण्यात वाढणारे बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात, आणि ताईकडे कोणी आजारी पडलं नाही. हे मी भावोजींनाही तेव्हाच सांगितलं होतं. चांदीचा मुलामा दिलेल्या कार्बनमध्ये वाढ कमी होते, पण थांबते असं समजू नका.

भावोजींनी त्याच आठवड्यात कार्ट्रिज बदललं. आता लोकांना सांगतात, "पाण्याला वास यायला लागला होता, म्हणून बदललं." वास येत नव्हता. त्या दोन प्लेटचे फोटो माझ्याकडे तारखेसकट आहेत.