कुंकळ्ळीच्या मासळी प्रक्रिया युनिटमधल्या सांडपाण्याच्या इक्वलायझेशन टाकीला (वेगवेगळ्या वेळी येणारं पाणी एकत्र साठवून सारखं करणाऱ्या टाकीला) कुजक्या अंड्यांचा वास येतो. चुना टाकून पीएच वाढवला तर जाईल का?

पूर्ण जाणार नाही. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. पीएच ७ ला विरघळलेल्या सल्फाइडपैकी जवळपास निम्मं वायुरूपात सुटू शकतं, ८ ला साधारण दहावा हिस्सा. पण मासळीच्या पाण्यात अमोनिया आणि अमाइन असतात; पीएच ९ च्या पुढे गेला की तेच उसळतात आणि कुजक्या मासळीचा वास सुरू होतो. म्हणून ७.५ ते ८ वर थांबा.

मूळ कारण वेगळं आहे: खाऱ्या पाण्यातलं सल्फेट आणि तळाचा गाळ; ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात. गाळ नियमित उपसा, खवले-आतडी आधीच जाळीवर अडवा, इनलेट पाइपचं तोंड पाण्याखाली न्या. वरून पडणारं पाणी वायू उडवतं. हवा सतत द्या, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान १ मिलिग्रॅम राहू दे. बंद पडलेला ब्लोअर (हवा देणारं यंत्र) एकदम पूर्ण जोरात चालू केलात तर साठलेला सगळा वायू एका झटक्यात शेजारच्या वस्तीवर जातो.

तरीही वास उरला तर एफआरपीचं (फायबर घातलेल्या प्लॅस्टिकचं) झाकण, आतली हवा ओढणारा पंखा आणि लाकडाचे तुकडे व नारळाची सोडणं यांचा बायोफिल्टर (ज्यातले जिवाणू वास खातात असा थर). हवा थरात ३० ते ६० सेकंद राहायला हवी, ओलावा ४० ते ६० टक्के. पावसाळ्यात वर छप्पर हवंच, नाहीतर थर चिखल होतो.

झाकलेल्या टाकीत गॅस मीटरशिवाय कुणालाही उतरवू नका. हवेत हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) आसपास गेला की नाकाला वास कळेनासा होतो.