गाणं गाजायच्या आधीचे कागद

प्रिय भाऊ,

तुझं अहिराणी गाणं ऐकलं. अंतऱ्याला आवाज चढतो ती जागा उत्तम आहे, तिला हात लावू नकोस. आता तुझं गाणं काढायला निघालेल्या त्या चॅनेलवाल्याबद्दल बोलू. "स्टुडिओचा खर्च आमचा, तू फक्त गा" असं तो म्हणतोय, आणि खरी मेख तिथेच आहे.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. पहिले दोन तुझे. तिसरा निर्मात्याचा, म्हणजे सहसा ज्याने पैसे घालून रेकॉर्डिंग करून घेतलं त्याचा. म्हणून होईल तर स्टुडिओचं बिल स्वतःच्या नावावर घे, मग ते दोन हप्त्यांत फेडावं लागलं तरी चालेल. नाहीच जमलं तर लेखी करार कर. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे छापील करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द आधी शोध आणि खोडायला लाव. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, पण तो वसूल व्हायला तू आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हवास आणि गाणं तिथे नोंदलेलं हवं.

रेकॉर्डिंगच्या दिवशीच, सगळे चहाला बसलेले असताना, एका कागदावर लिहून घे: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचे किती टक्के. संबळवाल्याला एकरकमी मानधन दिलं असेल तर तेही लिहून त्याची सही घे. गाणं चाललं की हा कागद कुणीच करत नाही, कारण तोवर प्रत्येकाला आपला वाटा मोठा वाटायला लागलेला असतो.

नेटवरून स्वस्तात घेतलेला बीट, म्हणजे गाण्याखाली वाजणारा तयार ताल-ट्रॅक, बहुतेक वेळा अनेकांना विकलेला असतो. मग त्याच बीटवरचं दुसऱ्याचं गाणं आधी नोंदलं गेलं असलं, तर तुझ्या व्हिडिओवर यूट्यूबचा दावा येतो आणि कमाई अडकते. एकट्यापुरता परवाना घे, नाहीतर ताल स्वतः वाजवून घे. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) जुनं गाणं घेतलंस तर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिही. तुझी मांडणी तुझी आहे, मूळ चाल नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकून पोरं नाराज होतात. जळगावपासून नंदुरबारपर्यंत प्रत्येक वरातीत तुझं गाणं वाजलं, तरी त्याची रॉयल्टी मिळणार नाही. लग्नाची मिरवणूक आणि त्याला जोडून होणारे सोहळे यांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे. वरात ही जाहिरात समज. पैसा येणार यूट्यूबवरून, स्ट्रीमिंगमधून आणि तुला मिळणाऱ्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांतून. सुपारी घेताना निम्मी रक्कम आधी घे, उरलेली मंचावर चढण्यापूर्वी.

पण ती जाहिरात नीट ऐकू आली पाहिजे. डीजेच्या गाडीवर आवाज बऱ्याचदा मोनो असतो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून एकच. मिक्समध्ये गळा रुंद करायला इफेक्ट लावला असेल, तर दोन्ही बाजू एकत्र आल्यावर एकमेकींना खातात, आणि वरातीत नुसता ढोल उरतो, शब्द गायब. म्हणून फायनल करण्याआधी मिक्स मोनोत ऐक. मुख्य गळा आणि बेस मधोमध ठेव. फाइल 24 बिट वॅव्हच (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) माग आणि गळ्याशिवायचा ट्रॅकही त्याच दिवशी घे, कार्यक्रमांना तोच लागतो. नंतर मागायला गेलास की स्टुडिओवाल्याची हार्डडिस्क हमखास उडालेली असते!

तारीख आपल्या पंचांगावरून ठरव. लग्नाचं गाणं तुळशीच्या लग्नाआधी बाहेर पडायला हवं, कानबाईचं (तो सण श्रावणात येतो) आषाढातच, आखाजीचं चैत्र लागता लागता. वितरकाकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्याकडे, चार आठवडे आधी दे. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं बाहेर पडायच्या किमान 7 दिवस आधी ठेवावं लागतं, आणि कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं नसेल तर ते परत येऊ शकतं, त्यात आठवडा जातो. भाषेच्या यादीत अहिराणी सापडली नाही तर मराठी निवड आणि वर्णनात अहिराणी लिही.

चॅनेलवाल्याचा करार आला की सही करण्याआधी फोटो काढून पाठव. तो "आजच सही पाहिजे" म्हणाला तर उद्या ये म्हणावं.