मुलगा फौजेत, आई युद्धाच्या विरोधात

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मुलगा इथेच जन्मला, कॉलेजात असताना आरओटीसीत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षणात, गेला, आता अमेरिकन आर्मीत लेफ्टनंट आहे आणि सध्या आखातातल्या एका तळावर आहे. तिकडची लढाई वाढू नये, असं पत्र मी आमच्या खासदाराला पाठवलं आणि ‘एका सैनिकाची आई’ म्हणून, मुलाच्या फोटोसकट, फेसबुकवरही टाकलं. तेव्हापासून घरात धुसफूस चालू आहे. हे म्हणतात, ‘पोरगा तिथे जीव मुठीत धरून उभा आहे आणि तू त्याचे पाय ओढतेस.’ मंडळाच्या गणपतीत सैनिकांच्या पालकांचा सत्कार ठरलाय. समितीतले एक काका म्हणाले, ‘युद्धाला विरोध करणाऱ्या बाईंना स्टेजवर कशाला बोलवायचं?’ मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, ‘आई, इट्स फाइन.’ माझं चुकलं का?

उत्तर: ताई, खासदाराला पत्र लिहिण्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. फेसबुकबद्दल मात्र थोडं बोलायचंय, ते पुढे.

लढाई करायची की नाही, हे तुमच्या लेफ्टनंटला कोणी विचारत नाही. ते वॉशिंग्टनमध्ये ठरतं आणि तो हुकूम पाळतो. इराकच्या वेळचंच बघा. ऑक्टोबर 2002 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, युद्धाचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला, तेव्हा प्रतिनिधिगृहात 133 आणि सिनेटमध्ये 23 जणांनी विरोधात मत दिलं. त्या सगळ्यांना सैनिक नकोसे झाले होते, असं यजमान म्हणतील का? पुढच्या फेब्रुवारीत खुद्द लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की इराक जिंकल्यावर तो सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोन-चार दिवसांत संरक्षण खात्याचे उपमंत्री वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज उडवून लावला. मग बगदाद पडलं, लुटालूट झाली, दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा ठेवायला माणसं पुरली नाहीत, आणि तिथून गेलेला माल रस्त्यावरच्या बॉम्बमध्ये वापरला गेला. त्या युद्धात चार हजार चारशेहून जास्त अमेरिकन सैनिक गेले. इराकी किती गेले याचा तर नेमका आकडाही कोणाला ठाऊक नाही.

डिसेंबर 2004 मध्ये कुवेतच्या तळावर संरक्षणमंत्री रम्सफेल्ड सैनिकांना भेटायला गेले होते. एका साध्या सैनिकाने उठून विचारलं की आमच्या गाड्यांना चिलखत बसवायला आम्हाला भंगारातून पत्रे का उपसावे लागतात? आजूबाजूच्या सैनिकांनी त्या प्रश्नावर जल्लोष केला. म्हणजे विचारणाराही फौजी आणि दाद देणारेही फौजी. घरोघरच्या गाड्यांवर ‘आमचा सैनिकांना पाठिंबा’ सांगणारी पिवळ्या फितीची मॅग्नेट लागली होती त्या काळातली ही गोष्ट. मॅग्नेटने काही चिलखत येत नाही.

यजमानांना याहून जुनी, आपल्या घरची म्हणावी अशी गोष्ट सांगा. 1915 साली इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज बगदादवर पाठवली ती सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. माणसं अपुरी, नदीतल्या बोटी अपुऱ्या, औषधपाणी तर जवळजवळ नाहीच. तरीही दिल्ली आणि लंडनमधल्या मोठ्या लोकांना बगदाद हवं होतं. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाल्ल्यावर जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीवर आणलं आणि बोटींत कोंबून बसऱ्याला पाठवलं. तिथे मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर इस्पितळ-जहाजावर होता. येणाऱ्या एका बोटीच्या कडेला दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा होती. जखमी एकमेकांना खेटून इतके दाटीवाटीने पडले होते की हलायची सोय नव्हती, जखमांवरच्या पट्ट्या दिवसेंदिवस बदललेल्या नव्हत्या.

कार्टरने हे वर कळवलं. वरिष्ठांनी त्यालाच दम दिला, अटकेची भाषा केली. वरच्या कचेऱ्यांना तार काय गेली होती? जखमींची अवस्था समाधानकारक, व्यवस्था उत्तम. पुढे विलायतेत बोभाटा झाला, चौकशी आयोग बसला, 1917 मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली. आता मला सांगा, त्या पलटणींतल्या सातारा-रत्नागिरीकडच्या पोरांच्या पाठीशी कोण उभं होतं, कार्टर की तारवाले?

काका म्हणतील की कार्टर युद्धाविरुद्ध कुठे बोलला, तो सोयींबद्दल बोलला. बरोबर आहे. पण आयोगाने फक्त डॉक्टरांना धारेवर धरलं नाही. तेवढ्याशा फौजेनिशी बगदादवर जायचा निर्णयच चूक होता, हेही त्याने लिहिलं. ‘पट्ट्या का नाहीत’ असं विचारत गेलं की ‘मुळात तिथे गेलोच का’ हा प्रश्न येतोच, आणि तो विचारायला बंदी असेल तर पहिल्याचंही खरं उत्तर मिळत नाही.

तरी यजमानांना अगदी मोडीत काढू नका. त्यांच्या रागाखाली भीती आहे, आणि त्या भीतीला कारणही आहे. श्रीलंकेतून आपली शांतिसेना मार्च 1990 मध्ये परतली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मद्रासमधल्या स्वागताला गेले नाहीत. जवळजवळ बाराशे जवान तिथे गमावून आलेल्या फौजेला ते किती लागलं असेल! त्या मोहिमेवर कडक टीका व्हायलाच हवी होती, असं माझं मत आहे. पण तिकडे पाठवणारे दिल्लीत होते आणि अपमान झाला तो जहाजातून उतरणाऱ्यांचा. (सैनिकाने स्वतः गुन्हा केला तर तो वेगळा विषय. त्याला कोर्ट आहे.) तुमच्या पत्रात असं काही नसावं. एकदा यजमानांना शेजारी बसवून ते मोठ्याने वाचा. सैनिकांना लागेल असं एखादं वाक्य सापडलंच तर ते खोडा, बाकीचं राहू द्या.

आता फेसबुक. खासदाराला लिहिताना ‘माझा मुलगा तिथे आहे’ हे सांगणं योग्यच. ते तुमच्या आणि खासदारामधलं आहे. चारचौघांत मुलाचा फोटो लावून लिहिलं की तुमच्या मताला त्याची सही लागल्यासारखं होतं, आणि त्याचं मत तुम्हाला ठाऊक आहे का? कदाचित तो तुमच्याशी सहमत असेल, कदाचित अजिबात नसेल. शिवाय तो अधिकारी आहे. राष्ट्राध्यक्षांबद्दल अवमानकारक शब्द वापरणं हा कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यासाठी लष्करी कायद्याच्या 88 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पक्षीय राजकारणाबाबतही त्याच्यावर बंधनं आहेत. तुमच्यावर ती नाहीत. म्हणून लिहा जरूर, पण स्वतःच्या नावाने. त्याला टॅग करू नका, गणवेशातला फोटो काढून टाका, तळाचं नाव आणि येण्या-जाण्याच्या तारखा कुठेही लिहू नका. यजमानांनाही हाच नियम. ‘माझा पोरगा तिथे आहे, म्हणून सगळ्यांनी गप्प बसा’ असं ते मंडळात सांगत असतील, तर तेही त्याचाच गणवेश पुढे करताहेत.

तुम्ही एकट्या नाही आहात. इराकवर चढाई व्हायच्या आधीच, नोव्हेंबर 2002 मध्ये, युद्धाला विरोध असलेल्या सैनिकांच्या घरच्यांनी अमेरिकेत ‘मिलिटरी फॅमिलीज स्पीक आउट’ नावाची संघटना काढली होती. तीही आईबापच होती.

‘इट्स फाइन’वर समाधान मानू नका, पण फोनवर उकरूनही काढू नका. तिकडे त्याला पाच-दहा मिनिटं मिळत असतील, त्यात परराष्ट्रधोरण नको. जेवलास का, झोप मिळते का, सोबतची मुलं कशी आहेत, हे विचारा. पत्राबद्दल एकच वाक्य बोला: ‘तुला अवघड होईल असं मी काही लिहिलं असेल तर सांग, मी काढते.’ बाकी तो सुट्टीवर आल्यावर. आणि डबा पाठवा. एपीओच्या, म्हणजे परदेशातल्या सैनिकांसाठीच्या लष्करी टपालाच्या, पत्त्यावर पार्सल देशांतर्गत टपालदरानेच जातं, कस्टम्सचा फॉर्म तेवढा भरावा लागतो. बेसनाचे लाडू नकोत, त्या उन्हात तूप सुटून खोक्याला लागेल. चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी पाठवा, आणि त्याच्या एकट्यापुरतं नाही, पूर्ण प्लॅटूनला चव मिळेल एवढं.

राहिला सत्कार. आधी मुलाला विचारा, त्याचं नाव स्टेजवर घेतलेलं चालेल का. तो नको म्हणाला तर विषय संपला, समितीला तसं कळवा. हो म्हणाला तर दोघंही जा. काकांना काही सिद्ध करून दाखवायची गरज नाही, आणि माइक हातात आला तर तिथे पत्र वाचायचीही नाही. तो कार्यक्रम सगळ्याच पालकांचा आहे. तरीही काका अडून बसले, तर अध्यक्षांना सरळ विचारा की बाकीच्या आईवडिलांची मतंही तपासली आहेत का.