सत्कार करायचाय, तर आधी वही उघड

प्रिय,

परिसरातल्या कर्तबगार माणसांच्या गुणगौरवाचं काम तुझ्याकडे आलंय, आणि तुझा पहिला प्रश्न आहे मंचावर कोणाला बसवायचं. तो सगळ्यात शेवटी सोडव. आधी वही घे आणि माणशी चार रकाने पाड: नाव, नेमकं काय केलं, कधी केलं, आणि हे खात्रीने सांगू शकणारी दुसरी व्यक्ती कोण. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते नाव यंदा थांबेल, मग शिफारस कोणाचीही असो.

नावं गोळा करताना ‘इथे चांगलं काम कोण करतं?’ असं विचारू नकोस. दहा जण तीच पाच नावं सांगतील, ज्यांचे फोटो आधीच सगळीकडे लागलेले असतात ती. त्यापेक्षा ‘गेल्या वर्षात तुमचं अडलेलं काम कोणी मार्गी लावलं?’ असं विचार. तेही घरोघरी जाणाऱ्यांना आणि ज्यांच्याकडे चार माणसं बोलतात त्यांना. परीक्षेतलं यश किंवा स्पर्धेतलं पदक आपोआप कळतं, कारण त्याचा कागद असतो. शेजारच्या आजाऱ्याला वर्षानुवर्षं दवाखान्यात नेणाऱ्याकडे कसला कागद असणार? म्हणून निम्म्या जागा अशा कामांसाठी पहिल्याच बैठकीत राखून ठेव. ‘नंतर बघू’ म्हटलंस की गुणपत्रिका सगळ्या जागा खातात.

मग पडताळणी. ‘राज्यस्तरीय प्रथम’ असं लिहून आलं तर स्पर्धा कोणी भरवली, गट कोणता, त्या गटात स्पर्धक किती, एवढं विचारून घे. तीन स्पर्धकांतला पहिला क्रमांकही पहिलाच असतो, पण मग त्याला तीन स्पर्धकांतला पहिला म्हणावं. ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘सर्वांत तरुण’ हे शब्द सरळ खोड. सिद्ध करायला अवघड आणि चुकले तर ज्यांचा सत्कार तेच तोंडघशी पडतात. काम सात जणांनी केलेलं असेल तर एकाला बोलावू नकोस. सातही नावं वाच, स्मृतिचिन्ह एकच दिलंस तरी चालेल.

संमती तीनदा घ्यायची: सत्काराला, फोटो छापायला, आणि मजकुराला. मजकुराची सगळ्यात महत्त्वाची. ‘हलाखीच्या परिस्थितीवर मात करून’ हे वाक्य लिहिणाऱ्याला गोड वाटतं, पण ते ऐकताना त्या घरातली माणसं मान खाली घालतात. उत्पन्न, आजारपण, घरातली भांडणं, मुलांचे गुण, यातलं काहीही त्या व्यक्तीने स्वतः ‘घ्या’ म्हटल्याशिवाय मानपत्रात येऊ देऊ नकोस. अल्पवयीन असेल तर पालकांना विचार, आणि मुलालाही. कोणी ‘मला मंचावर यायचं नाही’ म्हणालं तर आग्रह नको. मानपत्र घरी नेऊन दे, तोही सत्कारच.

आता मानपत्र, सगळा जीव इथे ओत. ऐंशी ते शंभर शब्द पुरे. संथ वाचलं तरी साधारण मिनिटभरात संपतं. आधी काय अडचण होती, या व्यक्तीने काय केलं, आणि आज काय वेगळं दिसतं, या क्रमाने लिही. एक तरी आकडा हवा: किती वर्षं, किती मुलं, आठवड्यातून किती दिवस. लिहून झालं की नाव झाकून त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव घालून वाच. तरीही शोभलं, तर मानपत्र पुन्हा लिही. ‘उल्लेखनीय’, ‘बहुमोल’, ‘निःस्वार्थ’ या तिन्ही शब्दांनी आजवर कोणाचीही ओळख पटलेली नाही.

नाव त्या व्यक्तीच्या हातून लिहून घे, फोनवर ऐकून नको. ह्रस्व-दीर्घ, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही ठिकाणी घोटाळे होतात. छपाईला मजकूर टाइप करून पाठवलास तर दुसऱ्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरं मोडू शकतात, ‘ऱ्या’ आणि ‘र्क’ विशेषतः. म्हणून पीडीएफ दे, आणि छापण्याआधीचं प्रूफ त्याच व्यक्तीला दाखव. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की आकसतो आणि मोठा छापला की धुरकटतो. डॉक्युमेंट म्हणून मागव.

कार्यक्रमाचं गणित कागदावर मांड. बारा सत्कार, प्रत्येकी चार मिनिटं (एक वाचनाला, एक सन्मान आणि फोटोला, दोन त्यांना बोलायला) म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. याच्या आधी पाच पाहुण्यांची दहा-दहा मिनिटांची भाषणं ठेवलीस तर पहिला सत्कार तासाभराने येईल आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील. आधी सत्कार, मग भाषणं. पाहुणे थोडे रुसतील; रुसू देत.

त्या दिवशी हमखास होणारी चूक म्हणजे एकाचं स्मृतिचिन्ह दुसऱ्याच्या हातात. मानपत्रं, स्मृतिचिन्हं आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, तिन्हींना एकच क्रमांक दे आणि देणाऱ्याशेजारी यादी घेऊन एक माणूस उभा कर. जिना चढता न येणाऱ्यांचा सत्कार खाली, त्यांच्या जागी जाऊन करायचा, हे आदल्या दिवशीच ठरव. चकचकीत फलक पाठीमागे असेल तर फ्लॅश त्यावरून उलटतो आणि चेहरे काळवंडतात. एक फोटो आदल्या संध्याकाळी काढून बघ.

ज्यांची नावं आली नाहीत ते विचारणारच. निकष आणि कालावधी नावं मागवतानाच लिहून जाहीर केलेला असेल तर उत्तर सोपं जातं. निवड करणाऱ्यांपैकी कोणाचा नातेवाईक यादीत असेल तर त्या नावावर चर्चा चालू असताना त्यांनी बाहेर थांबावं.

दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला फोटो आणि मानपत्राची प्रत पोचव. वही जपून ठेव, पुढच्या वर्षी तीच लागेल. पहिली तीन मानपत्रं लिहून झाली की मला पाठव, विशेषणं खोडून मग.